दहा राग, तीन यंत्रे

अंधेरी-वर्सोव्याच्या गल्ल्यांत, राहत्या घराच्या एखाद्या खोलीत थाटलेले ध्वनिमुद्रणाचे छोटे स्टुडिओ आज पुष्कळ आहेत. तेथे काम करणाऱ्या तरुण संगीत संयोजकांच्या संगणकात एका जपानी तालयंत्राचे आवाज हमखास सापडतात. पोटात घुमणारा खोल ठेका, कोरडी टाळी, पत्र्यावर काठी आपटावी तशी टणक घंटा. हे आवाज ज्या यंत्राचे, त्या रोलँड टीआर-८०८ चे उत्पादन १९८३ सालीच थांबले. जगभरात त्याचे जेमतेम १२ हजार नग तयार झाले होते. आज त्याचे सॅम्पल वापरणाऱ्या बहुतेकांनी मूळ यंत्र डोळ्यांनीही पाहिलेले नसते. हेच यंत्र १९८२ साली मुंबईतल्या एका वादकाच्या हाती होते आणि त्याच्या ठेक्यावर त्याने भैरव, यमन आणि मालकंस वाजविले होते, हे मात्र मुंबईलाच फार उशिरा कळले. त्या वादकाचे नाव चरणजित सिंग.

चरणजित सिंग यांचा जन्म १९४० सालचा, मुंबईतला. साठच्या दशकापासून ते हिंदी चित्रपटसंगीताच्या वादकवृंदात वावरू लागले. शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन अशा त्या काळातल्या सर्व मोठ्या संगीतकारांकडे त्यांनी काम केले. गिटार, बास गिटार आणि पुढे सिंथेसायझर ही त्यांची वाद्ये. ट्रान्सिकॉर्ड हे ॲकॉर्डियनच्या घडणीचे विद्युत वाद्यही ते वाजवीत. १९७१ सालच्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ मधील ‘दम मारो दम’ या गाण्यातला ट्रान्सिकॉर्ड त्यांच्याच हातचा.

परंतु ही माहिती त्या काळच्या श्रोत्यांपर्यंत पोहोचण्याची सोय नव्हती. तबकडीच्या वेष्टनावर गायक, गीतकार आणि संगीतकार यांची नावे छापली जात. वादक मात्र सकाळी स्टुडिओत येत, समोर ठेवलेले स्वरलेखन वाचून वाजवीत आणि मेहनताना घेऊन पुढच्या स्टुडिओची वाट धरीत. पन्नास-साठ वादक एका हॉलमध्ये बसून एकाच वेळी वाजवीत. एकाची चूक झाली, तर सर्वांना पुन्हा आरंभ करावा लागे. अशा कामात जो टिकतो, त्याच्या अंगी बिनचूकपणा आपोआप येतो आणि स्वतःचे नाव विसरून वाजविण्याची सवयही लागते. सिंग यांचे बरेचसे आयुष्य याच शिस्तीत गेले.

त्यांचे वेगळेपण होते ते नव्या वाद्यांच्या ओढीत. त्या काळी परदेशी विद्युत वाद्ये भारतात मिळणे अवघड होते. आयातीवरची बंधने कडक आणि जकात जबर असल्याने वादक मंडळी परदेश दौऱ्यावर गेली, की सिंगापूर-हाँगकाँगच्या बाजारातून वाद्ये घेऊन येत. सिंग यांनीही रोलँड कंपनीचा ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर सिंगापुरात खरेदी केला. त्याच्या जोडीला त्याच कंपनीचे टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे खर्जाचे सूर वाजविणारे छोटे यंत्र होते. तिन्ही यंत्रे १९८० आणि १९८१ या दोन वर्षांत बाजारात आलेली, म्हणजे अगदी नवी कोरी होती.

इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ साली ओसाकात स्थापन केलेल्या रोलँडने ही यंत्रे काढली ती एकट्या वादकाच्या साथीसाठी. ड्रमर नसेल तर ८०८, बासवादक नसेल तर ३०३, असा साधा हिशेब होता. त्याच सुमारास अमेरिकेत निघालेल्या लिन कंपनीच्या तालयंत्रात खऱ्या ड्रमचे मुद्रित आवाज भरलेले होते. ८०८ मध्ये मुद्रित असे काहीच नव्हते. त्यातला प्रत्येक आवाज विद्युत मंडलात त्या क्षणी जन्म घेई. घुमणारा ठेका म्हणजे हळूहळू विरत जाणारी एक विद्युत लहर, तर झांजेचा आवाज सहा वेगवेगळ्या आंदोलकांच्या मिश्रणातून गाळून काढलेला. त्यातली विशिष्ट खरखर मिळावी म्हणून काकेहाशी यांनी सदोष ठरलेले ट्रान्झिस्टर मुद्दाम मिळवून वापरले होते. पुढे ट्रान्झिस्टरांचा दर्जा सुधारला, सदोष माल मिळेनासा झाला आणि यंत्राचे उत्पादनही थांबले. खऱ्या ड्रमसारखे वाजत नाही, ही त्याच्याविषयीची तेव्हाची मुख्य तक्रार होती.

हिंदुस्थानात तो डिस्कोचा ज्वर चढण्याचा काळ होता. १९८० साली ‘कुर्बानी’, १९८१ साली नाझिया हसन यांची ‘डिस्को दीवाने’ ही तबकडी आणि १९८२ साली ‘डिस्को डान्सर’ असा तो ओघ होता. त्याच १९८२ साली सिंग यांनी एचएमव्हीसाठी ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’ ही तबकडी मुद्रित केली. त्याआधी त्यांनी चित्रपटगीतांच्या सुरावटी वाद्यांवर वाजवून तबकड्या काढल्या होत्या. या वेळी मात्र उसनी चाल नव्हती. भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग त्यांनी निवडले आणि प्रत्येकाला सुमारे पाच मिनिटे दिली.

या तबकडीची रचना समजून घेण्याजोगी आहे. ८०८ ठेका धरतो. तारेने त्याला जोडलेला ३०३ त्याच्या लयीत रागाच्या स्वरांची एक लहानशी माळ न थांबता फिरवीत राहतो. मैफलीत जे काम तानपुरा करतो, ते येथे काहीसे या फिरत्या माळेकडे आले आहे. या स्थिर पायावर सिंग ज्युपिटर-८ वर हाताने आलाप आणि ताना घेतात. पियानोच्या घडणीच्या पट्ट्यांवर राग वाजविण्यात एक मूळचीच अडचण असते. मींड निघत नाही. भैरवातला आंदोलित कोमल ऋषभ पट्टीवर बोट ठेवून सापडत नाही. सिंथेसायझरला एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे आणि ३०३ लाही तशी घसरण साधते. सिंग यांनी या सोयीचा मींडेसारखा उपयोग केला. भैरवाची सूक्ष्म आंदोलने त्यातून पूर्णपणे हाती येत नाहीत. मालकंस किंवा भूपाळीसारखे पाच स्वरांचे राग मात्र या बांधणीत आश्चर्य वाटावे इतके सहज बसतात. रागाचे स्वर पाळायचे आणि मध्येच सुरावट बदलून श्रोत्याला खूश करायचे नाही, एवढे पथ्य त्यांनी सांभाळले आहे.

तबकडी फारशी विकली गेली नाही. डिस्कोच्या चाहत्यांना तीत गाणे सापडले नाही आणि रागदारीच्या श्रोत्यांना यंत्राचा ठेका रुचण्यासारखा नव्हता. सिंग यांनी तक्रारीचा सूर लावला नाही. चित्रपटांची कामे होती, आणि गायिका असलेल्या पत्नी सुपर्णा यांच्यासह लग्नसमारंभांतून कार्यक्रमही होत. रोजची भाकरी मिळत होती.

त्यांची यंत्रे मात्र शहराचे संगीत बदलू पाहत होती. १९८५ साली रोलँडचा ऑक्टापॅड आला आणि पुढच्या काही वर्षांत बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या नवरात्रात, गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात तो ढोलकीच्या शेजारी जाऊन बसला. नव्वदच्या दशकात संगणक आणि की-बोर्ड यांच्या बळावर दोन-चार माणसे अख्खे पार्श्वसंगीत तयार करू लागली. साठ वादकांचा हॉल ओस पडत गेला. व्हायोलिन, मेंडोलिन, बाँगो वाजविणाऱ्या कित्येकांच्या हाताला काम उरले नाही. ज्या वादकवृंदात सिंग घडले, त्याच्या अस्ताची चाहूल त्यांच्या आवडत्या यंत्रांतच दडलेली होती. या यंत्रांविषयीच्या आजच्या हळव्या आठवणींत ही बाजू सहसा येत नाही.

दरम्यान, अमेरिकेतल्या शिकागो शहरात काही तरुणांनी दुर्लक्षित झालेला ३०३ हाती घेतला. १९८७ साली फ्यूचर या त्रिकुटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही तबकडी निघाली आणि ॲसिड हाऊस नावाचा नृत्यसंगीताचा प्रकार जगभर पसरला. पुढे २००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीत सिंग यांची जुनी तबकडी मिळाली. शिकागोच्या पाच वर्षे आधी, त्याच यंत्रांवर, जवळजवळ तसाच नाद! बाउमन यांनी सिंग यांचा माग काढला आणि २०१० साली आपल्या बॉम्बे कनेक्शन या संस्थेतर्फे तबकडी पुन्हा काढली. ती ऐकून कोणा आधुनिक संगीतकाराने जुन्या नावाखाली केलेली ही गंमत असावी, अशी शंकाही काहींनी घेतली.

ॲसिड हाऊसचा जनक असे बिरुद तेव्हापासून सिंग यांच्या नावामागे लावले जाते. ते बरोबर नाही. शिकागोच्या मुलांनी ही तबकडी ऐकल्याचा कोणताही पुरावा नाही. एकाच यंत्राच्या अंगभूत गुणांनी दोन दूरच्या शहरांतल्या माणसांना सारख्या वाटेवर नेले, इतकेच म्हणता येते. सिंग यांचे श्रेय यापेक्षा निराळे आहे. यंत्र ज्या साथीसाठी बनले होते, त्याच साथीला त्यांनी बसविले आणि वरचा स्वर आपल्या परंपरेतून घेतला. शिकागोत यंत्राच्या करामतीतून संगीत उभे राहिले. मुंबईत रागाने यंत्राला कामाला लावले.

सत्तरी ओलांडल्यावर सिंग यांना युरोपातून निमंत्रणे येऊ लागली. ज्या तबकडीला स्वतःच्या शहरात श्रोता मिळाला नाही, तिच्यातले राग त्यांनी नातवंडांच्या वयाच्या तरुणांसमोर मंचावर वाजविले. ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र राजू सिंग यांनी गिटारवादक आणि पार्श्वसंगीतकार म्हणून चित्रपटसृष्टीत नाव मिळविले.

खऱ्या ड्रमची नक्कल साधत नाही म्हणून नाकारलेल्या ८०८ च्या आवाजांचीच आता जगभर नक्कल होते. आवाज सॅम्पलमध्ये जपता येतात. चाळीस वर्षांहून अधिक काळापूर्वी त्या आवाजांवर मालकंस मांडणाऱ्या वादकाचे नाव मात्र सॅम्पलमध्ये येत नाही. ते आठवणीनेच जपावे लागते.