कॉन्स्टन्टिन फॉन एकोनोमो

कॉन्स्टन्टिन फॉन एकोनोमो (जन्म : ब्रैला, रुमानिया, २१ ऑगस्ट १८७६, मृत्यू : व्हिएन्ना, २१ ऑक्टोबर १९३१) हे ऑस्ट्रियातील मनोविकारतज्ज्ञ व मज्जाविकारतज्ज्ञ होते. निद्रेचे नियमन मेंदूच्या कोणत्या भागातून होते, याचा पहिला भक्कम पुरावा त्यांनी दिला.

त्यांचे आईवडील ग्रीक वंशाचे होते. बालपण त्रिएस्ते या बंदरात गेले. वडिलांच्या इच्छेखातर त्यांनी व्हिएन्नात यंत्र अभियांत्रिकीचा अभ्यास सुरू केला. परंतु दोन वर्षांनी तो सोडून ते वैद्यकाकडे वळले आणि १९०१ मध्ये पदवीधर झाले. पुढे पॅरिस, म्युनिक, बर्लिन येथे अनुभव घेऊन १९०६ मध्ये ते व्हिएन्नातील वाग्नर-याउरेग यांच्या मनोविकार चिकित्सालयात रुजू झाले. यंत्रांची ओढ मात्र सुटली नाही. ते ऑस्ट्रियातील आरंभीच्या वैमानिकांपैकी एक होते आणि तेथील एअरो क्लबचे अध्यक्षपदही त्यांनी अनेक वर्षे सांभाळले.

पहिल्या महायुद्धात ते दक्षिण टायरोलच्या आघाडीवर विमान चालवीत. भाऊ युद्धात मारला गेल्यावर आईवडिलांच्या आग्रहामुळे १९१६ मध्ये ते व्हिएन्नास परतले आणि डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांवर उपचार करू लागले. हे परतणे त्यांना रुचले असेल असे वाटत नाही. पण त्यांचे मुख्य कार्य त्यातूनच घडले.

त्या हिवाळ्यात चिकित्सालयात काही विलक्षण रुग्ण आले. कोणी जेवताजेवता झोपी जाई, हाक मारल्यावर उत्तर देई आणि पुन्हा झोपे. अनेकांच्या डोळ्यांच्या स्नायूंना लकवा होता. त्यांपैकी बरेच दगावले. निरनिराळ्या निदानांखाली आलेल्या या रुग्णांचा विकार एकच आहे, हे ओळखून एकोनोमो यांनी १९१७ मध्ये त्याचे वर्णन केले व त्यास ‘एन्सेफलायटिस लेथार्जिका’ हे नाव दिले. पुढील दशकात ही साथ जगभर पसरली. वाचलेल्यांपैकी अनेकांना पुढे कंपवातासारखा विकार जडला. रोगाचे कारण आजही निश्चित झालेले नाही.

याच साथीत काही रुग्णांना उलट झोपच येत नसे. मृत रुग्णांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासता एकोनोमो यांना भेद आढळला : अतिनिद्रेच्या रुग्णांत हायपोथॅलॅमसचा मागील भाग व त्यालगतचा मध्यमेंदू बिघडलेला होता, तर निद्रानाशाच्या रुग्णांत हायपोथॅलॅमसचा पुढील भाग. तेव्हा झोप म्हणजे नुसता थकवा नव्हे, तर तिचे आणि जागृतीचे स्वतंत्र नियंत्रण मेंदूत आहे, असे त्यांनी मांडले. नार्कोलेप्सी या अतिनिद्रेच्या विकाराचे मूळही याच परिसरात असावे, हा त्यांचा तर्क होता. या विकारात हायपोथॅलॅमसमधील ओरेक्सिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट होतात, हे २००० च्या सुमारास सिद्ध झाले.

१९२५ मध्ये गेऑर्ग कोस्किनास यांच्यासह त्यांनी प्रौढ मानवी मेंदूच्या बाह्यकाचा बृहद् नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्यात १०७ क्षेत्रे दाखविली आहेत. बाह्यकातील तर्कूच्या आकाराच्या मोठ्या पेशी आज त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. व्हिएन्नात मेंदू-संशोधनाचा नवा विभाग त्यांच्याकडे सोपविण्यात आला, त्याच वर्षी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.