सातारच्या गादीसाठी साता समुद्रापार गेलेले रंगो बापूजी, आणि तेव्हाचं जहाजावरचं खाणं-पिणं

मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझची एखादी तरी रील तुम्ही पाहिली असेलच. सकाळी चहा-पोहे, दुपारी बुफे, चारला भजी, संध्याकाळी डेकवर रंगीत सरबतांचे ग्लास. शाकाहारी वेगळं, जैन वेगळं. पैसे तिकिटात भरलेले, त्यामुळे पाहिजे तितकं खा.

आता याच अरबी समुद्रावर पावणेदोनशेहून अधिक वर्षं मागे जा. सातारचा एक माणूस लंडनला निघालाय. हौस म्हणून नाही, तर आपल्या छत्रपतींची गादी परत मागायला. तेव्हाही जहाजावर खायला-प्यायला होतं, तेही तिकिटात धरलेलं होतं. पण त्यातलं बहुतेक ताट त्याच्यासारख्यासाठी नव्हतंच.

हा माणूस म्हणजे रंगो बापूजी गुप्ते.

आधी साताऱ्यात काय झालं ते बघू

१८१८ साली पेशवाई बुडाली. इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना सातारच्या गादीवर बसवलं आणि १८१९ मध्ये त्यांच्याशी तह केला. जेम्स ग्रँट, म्हणजे पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ, हा तिथला इंग्रजांचा अधिकारी होता.

प्रतापसिंह नुसते नावाचे राजे नव्हते. त्यांनी साताऱ्यात रस्ते केले, शहराला पाणी आणलं, शाळा काढली, छापखाना घातला. महाबळेश्वर हवा खाण्याचं ठिकाण झालं ते त्यांच्याच काळात.

पण राजा स्वतःच्या डोक्याने चालतो, तहातली कलमं वाचून आपला हक्क मागतो, हे मुंबई सरकारला खुपायला लागलं. सुरुवात जहागीरदारांवरच्या अधिकारावरून झाली. मग आरोप आले. पलटणीतल्या शिपायांना फितवलं, गोव्याच्या पोर्तुगिजांशी संधान बांधलं, नागपूरच्या पदच्युत भोसल्यांशी कट केला. मुंबईचा गव्हर्नर कारनॅक स्वतः साताऱ्यात आला. कबुलीच्या कागदावर सही करा, गादी राहील, असा त्याचा प्रस्ताव होता.

महाराजांनी सही केली नाही. जे केलंच नाही ते कबूल कसं करायचं, एवढाच त्यांचा मुद्दा होता. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना गादीवरून उतरवलं आणि पुढे काशीला पाठवलं. गादीवर त्यांचे भाऊ शहाजी ऊर्फ अप्पासाहेब बसले.

आता दाद मागायची तर कुणाकडे? मुंबई सरकार म्हणजेच फिर्यादी आणि न्यायाधीश. वर उरलं एकच दार, लंडनमधलं ईस्ट इंडिया कंपनीचं मुख्य ऑफिस आणि पार्लमेंट. ते दार ठोठावायचं काम रंगो बापूजींकडे आलं.

रंगो बापूजी चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. शिवाजी महाराजांच्या सुरुवातीच्या साथीदारांपैकी रोहिडखोऱ्यातले दादाजी नरसप्रभू यांच्या घराण्यातले. कारकुनी आणि वकिली रक्तातच. तेव्हा वकील म्हणजे कोर्टात उभा राहणारा नव्हे, तर आपल्या धन्याची बाजू परक्या दरबारात मांडणारा माणूस.

जहाजावर मिळायचं तरी काय?

मुंबईहून लंडनला जायच्या दोन वाटा होत्या. जुनी वाट आफ्रिकेला वळसा घालून. शिडाचं जहाज, वारा असेल तसं, चार-पाच महिने. नवी वाट तांबड्या समुद्रातून सुएझपर्यंत आगबोटीने, तिथून वाळवंट ओलांडून कैरो, मग अलेक्झांड्रिया आणि पुन्हा बोट. ह्यू लिंडसे ही मुंबईत बांधलेली आगबोट १८३० मध्ये पहिल्यांदा या वाटेने सुएझला गेली, तेव्हा तिला महिनाभर लागला होता. कोळसा इतका भरावा लागला की माणसांना जागा उरेना. सुएझचा कालवा व्हायला अजून तीस वर्षं होती.

लांबच्या वाटेवरची जहाजं म्हणजे तरंगता गोठाच. फ्रीज नाही, बर्फ नाही. त्यामुळे ताजं मांस पाहिजे तर जिवंत जनावर सोबत न्यायचं. डेकवर मेंढ्या, डुकरं, कोंबड्यांची खुराडी, दुधासाठी एखादी गाय नाहीतर शेळी. वरच्या वर्गाचे प्रवासी कप्तानासोबत एका टेबलावर जेवत. सकाळची न्याहारी, दुपारचं मोठं जेवण, संध्याकाळी चहा, रात्री पुन्हा थोडं काही.

प्रवास लांबला की जनावरं संपत आणि ताटात खारवलेलं गोमांस आणि डुकराचं मांस येई. सोबत जहाजी बिस्कीट. आपण चहात बुडवून खातो ते बिस्कीट डोळ्यासमोर आणू नका. पीठ आणि पाणी मळून, भाजून भाजून दगडासारखी केलेली ती वडी असायची. महिनोन् महिने टिकायची, फक्त तिच्यात किडे व्हायचे. टेबलावर आपटायची, किडे झटकायचे आणि खायची.

पाण्याची गत आणखी वाईट. लाकडी पिंपांत भरलेलं पाणी काही आठवड्यांत हिरवं पडून वास मारायचं. पुढे लोखंडी टाक्या आल्या तेव्हा कुठे थोडा फरक पडला. म्हणून गोऱ्या प्रवाशांचा भर दारूवर असे. मदेरा, क्लॅरेट, पोर्ट आणि हिंदुस्थानसाठी म्हणून बनवलेली फिकट बिअर. पीअँडओ ही आगबोट कंपनी १८४० नंतर या धंद्यात शिरली. तिच्या सुरुवातीच्या काळात वाइन आणि बिअर भाड्यातच धरलेली असे. आजच्या क्रूझवरच्या ऑल इन्क्लुझिव्हचे हे पणजोबा म्हणा.

आणि गंमत बघा, या टेबलांवर लाडकं असलेलं पंच नावाचं पेय आपल्याकडूनच गेलं असं मानतात. दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला असे पाच जिन्नस, म्हणून पंच. यातलं लिंबू तर खलाशांसाठी औषधच. महिनोन् महिने ताजी भाजी-फळं न मिळाल्याने हिरड्यांतून रक्त यायचं, माणसं मरायची. त्यावर लिंबाचा रस हा उतारा होता.

मग आपला माणूस खायचा काय?

खरी अडचण इथे होती. कायस्थ प्रभूंच्या घरात मासे-मटणाचं वावडं नाही. प्रश्न नुसत्या शाकाहाराचा नव्हताच. गोमांस चालणार नाही हे उघड, पण त्याहून मोठा प्रश्न होता तो कुणी शिजवलं आणि पाणी कुणाच्या हातचं याचा. समुद्र ओलांडणं हेच मुळात निषिद्ध मानलं जायचं. वर परक्याच्या हातचं खाल्लं म्हणजे परत आल्यावर जात दार लावून घेणार.

यावर तोडगा होता तो शिध्याचा. शिजवलेल्या अन्नाला विटाळ, कोरड्या शिध्याला नाही. म्हणून असा प्रवासी तांदूळ, डाळ, तूप, गूळ, पोहे, भाजलेले हरभरे, सुकामेवा असं टिकणारं सगळं बांधून निघायचा. सोबत आपली भांडी, आपलं पाणी आणि जमलंच तर आपला आचारी. पण लाकडी जहाजावर सर्वांत मोठी भीती आगीची. त्यामुळे चूल कुठे आणि कधी पेटवायची हे कप्तान ठरवणार. समुद्र खवळला की चूल बंद. मग कोरड्या फराळावर दिवस काढायचा.

याची उदाहरणं आधीच घडलेली होती. १७८१ च्या सुमाराला राघोबादादांनी हणमंतराव नावाच्या ब्राह्मण वकिलाला लंडनला पाठवलं होतं. तिथे एडमंड बर्क या बड्या खासदाराने त्याला आपल्या गावच्या घरी नेलं आणि सोवळ्यात स्वयंपाक करता यावा म्हणून बागेतलं काचघर मोकळं करून दिलं. परत आल्यावर सोन्याची योनी करून तिच्यातून पार होण्याचं, म्हणजे जणू नवा जन्म घेण्याचं प्रायश्चित्त करावं लागल्याची नोंद आहे.

राजा राममोहन राय १८३० मध्ये दिल्लीच्या बादशहाचे वकील म्हणून निघाले, तेव्हा त्यांनी दुधासाठी गायी आणि सोबत नोकर घेतले होते. स्वयंपाकाला मातीची साधी चूल. नोकरांनाच समुद्र लागला आणि ते त्यांच्याच खोलीत आडवे झाले, असे त्यांचे हाल.

म्हणजे मुद्दा असा की लंडनला न्याय मागायला जाणाऱ्या माणसाची पहिली लढाई कंपनीशी नसायची. ती स्वतःच्या पोटाशी आणि मागे राहिलेल्या समाजाशी असायची.

चौदा वर्षं, एकच अर्ज

१८४० मध्ये रंगो बापूजी लंडनमध्ये होते. काही महिन्यांत काम उरकून परतायचं, असं कुणालाही वाटलं असतं. झाली चौदा वर्षं.

लेडनहॉल स्ट्रीटवर कंपनीचं इंडिया हाऊस होतं. कंपनी म्हणजे शेअर असलेली व्यापारी पेढी, त्यामुळे तिच्या भागधारकांच्या सभेत कुठलाही प्रश्न काढता येत असे. रंगो बापूजींनी नेमकं हेच हेरलं. ते इंग्रजी शिकले, कागदपत्रं छापून वाटली, भागधारक आणि खासदार गाठले. जोसेफ ह्यूमसारखा खासदार, गुलामगिरीविरुद्ध गाजलेला वक्ता जॉर्ज थॉम्प्सन अशी माणसं सातारच्या बाजूने उभी राहिली. इंडिया हाऊसमध्ये साताऱ्यावर दिवस दिवस वाद झाले.

भाषणं व्हायची, टाळ्या पडायच्या. मतदान झालं की निकाल ठरलेला. प्रकरण पुन्हा उघडायचं नाही.

ऑक्टोबर १८४७ मध्ये प्रतापसिंह महाराज काशीलाच वारले. ज्यांच्यासाठी भांडायचं तेच गेले. एप्रिल १८४८ मध्ये अप्पासाहेबही गेले. दोघांनीही मुलगे दत्तक घेतले होते, पण गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्यच खालसा केलं. मुंबईचा गव्हर्नर क्लार्क स्वतः याच्या विरुद्ध होता, तरी उपयोग झाला नाही. पुढे झाशी, नागपूर अशी संस्थानं ज्या तत्त्वाने गेली, त्या तत्त्वाखाली डलहौसीने घेतलेलं पहिलं राज्य सातारा.

आता मागायला गादीच नव्हती. तरी रंगो बापूजी महाराजांच्या दत्तक पुत्रासाठी आणखी पाच वर्षं थांबले. पैसा संपला होता, कर्ज वाढत होतं. याच शेवटच्या दिवसांत नानासाहेब पेशव्यांचा वकील अजीमुल्ला खान लंडनला आला होता. त्याचाही अर्ज फेटाळला गेला. दोघांची तिथे भेट झाली असं इतिहासकार सांगतात.

आणि परतीचं तिकीट कुणी काढलं?

कंपनीने.

१८५३ च्या शेवटी कंपनीने त्यांना अडीच हजार पौंड आणि हिंदुस्थानपर्यंतचा फुकट प्रवास दिला, आणि ते परत निघाले. ज्या कंपनीने त्यांच्या धन्याचं राज्य गिळलं, तिच्याच खर्चाने त्यांना घरी यावं लागलं. कंपनीला वाटलं असेल की चला, एक कटकट मिटली.

तोवर सुएझची वाट रुळली होती. कैरो ते सुएझ वाळवंटात ठरावीक अंतरावर विसाव्याची ठाणी होती, तिथे घोडागाड्यांतून येणाऱ्या प्रवाशांना चहा, जेवण, बिअर मिळे. चार-पाच महिन्यांचा प्रवास दीड महिन्यावर आला होता. जग जवळ आलं होतं. साताऱ्याचा न्याय मात्र होता तितकाच लांब.

अर्ज संपले, मग काय केलं?

साताऱ्यात परतलेले रंगो बापूजी अर्ज लिहिणारे राहिले नव्हते. १८५७ मध्ये उत्तरेत उठाव झाला, तेव्हा सातारा आणि आसपास माणसं जमवण्याचा, इंग्रजांच्या ठाण्यांवर हल्ला करण्याचा बेत शिजत होता. त्यामागे तेच होते. बेत फुटला. धरपकड सुरू झाली. रंगो बापूजी निसटले. सरकारने बक्षीस लावलं, माणसं पाठवली, पण ते कधीच हाती लागले नाहीत. त्यांचा शेवट कुठे आणि कसा झाला, हे इंग्रज सरकारला शेवटपर्यंत कळलं नाही.

बाप सापडला नाही, मुलगा सापडला. ८ सप्टेंबर १८५७ ला साताऱ्याच्या गेंडामाळावर १७ जणांना मृत्युदंड दिला गेला. काहींना फाशी, काहींना तोफेच्या तोंडी, काहींना गोळ्या. फाशी दिलेल्यांमध्ये रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. वडील लंडनमध्ये होते त्या चौदा वर्षांत तो मागे राहिलेला, आणि परतीनंतर बापलेकांना एकत्र मिळाली ती जेमतेम तीन वर्षं.

पुढे प्रबोधनकार ठाकरे यांनी प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी यांच्यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि ही गोष्ट मराठी वाचकांपुढे पुन्हा आणली. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या बाजूला चार भिंती हे हुतात्मा स्मारक आहे. संध्याकाळी तिथे गर्दी असते. लोक भेळ खातात, कणसं खातात, खाली पसरलेलं शहर बघत बसतात.

कधी गेलात तर हातातल्या भेळेसोबत एवढं आठवा. या गावचा एक माणूस याच गावासाठी परक्या देशात चौदा वर्षं उभा राहिला, आणि तिथे पोचण्याआधी त्याला अशा जहाजावर दिवस काढावे लागले, जिथे खायला सगळं होतं पण त्याच्या ताटात पडेल असं फार थोडं.