विद्यापूरचा तंबोराधारी सुलतान : इब्राहिम आदिलशाह दुसरा

तंतुवाद्यांचे कुळ फार मोठे आहे. अरबस्तानात ज्या वाद्याला ‘ऊद’ म्हणजे लाकूड असे साधे नाव होते, ते स्पेनमार्गे युरोपात पोहोचले आणि ‘अल्-ऊद’चे तेथे ‘ल्यूट’ झाले. पातळ लाकडी पट्ट्या जोडून केलेली गोलाकार पाठ, सपाट पोट, मागे झुकलेली खुंट्यांची पेटी आणि तारांऐवजी आतड्याच्या दोऱ्या असे त्याचे रूप. युरोपच्या प्रबोधनकाळात या वाद्याला राजदरबारापासून व्यापाऱ्याच्या दिवाणखान्यापर्यंत मानाचे स्थान होते. १५०७ मध्ये व्हेनिस येथे पेत्रुच्ची या मुद्रकाने ल्यूटवादनाचे पुस्तक छापले. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ स्वतः ल्यूट वाजवीत असे. हिलियर्ड या चित्रकाराने १५८० च्या सुमारास काढलेल्या एका लघुचित्रात ती ल्यूट वाजवताना दिसते.

त्याच १५८० साली दख्खनमध्ये विजापूरच्या तख्तावर नऊ वर्षांचा एक मुलगा बसला. पुढे त्याचेही तंतुवाद्य हाती घेतलेले चित्र काढले गेले आणि आज ते प्राग शहरातील नाप्रस्तेक संग्रहालयात आहे. हा मुलगा म्हणजे दुसरा इब्राहिम आदिलशाह.

इब्राहिमचे बालपण सुखाचे नव्हते. चुलते अली आदिलशाह यांचा खून झाला आणि राज्य या अजाण पुतण्याकडे आले. अलीची विधवा चाँदबीबी हिने त्याच्या संगोपनाची आणि कारभाराची धुरा उचलली. परंतु दरबारातील सरदारांची आपसांत चुरस होती. किश्वरखान या कारभाऱ्याने तर चाँदबीबीला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकले होते. एकामागून एक कारभारी आले आणि गेले. दिलावरखानाची सत्ता दूर सारून १५९० मध्ये इब्राहिमने राज्यकारभार आपल्या हाती घेतला, तेव्हा तो जेमतेम विशीचा होता. त्यानंतर थोड्याच वर्षांत बेळगावला त्याचा सख्खा भाऊ इस्माईल याने बंड केले. ते बंड मोडले गेले आणि इस्माईल प्राणाला मुकला. कलासक्त म्हणून ज्याची ख्याती झाली, त्या राजाच्या चरित्रातील हे रक्तरंजित पान झाकून ठेवता येत नाही.

अशा अस्थिर दरबारात वाढलेल्या या राजाने आश्रय शोधला तो सुरांमध्ये. त्याने आपल्या तंबोऱ्याला ‘मोतीखान’ असे नाव दिले होते. जिवलग माणसाला द्यावे तसे हे नाव. त्याचा आवडता हत्ती ‘आतिशखान’ याच्याप्रमाणे मोतीखानाचाही उल्लेख त्याच्या गीतांत येतो. ही गीते ‘किताब-ए-नौरस’ या ग्रंथात संग्रहित आहेत. नौरस म्हणजे भरतमुनींपासून चालत आलेल्या रसविचारातील नवरस. ग्रंथाची भाषा दख्खनी असून गीते रागांनुसार लावलेली आहेत. भूपाली, भैरव, मल्हार, कल्याण, केदार, कानडा ही आपल्या परिचयाची नावे त्यात भेटतात. दरबारातील फारसी कवी जुहूरी याने या ग्रंथाची प्रस्तावना लिहिली.

या गीतांत इब्राहिमने सरस्वती आणि गणपती यांचे स्तवन केले आहे. स्वतःला त्यांचे अपत्यही म्हणवून घेतले आहे. त्याच ग्रंथात गुलबर्ग्याचे सूफी संत ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांच्याविषयीची अपार भक्तीही आहे. एका धर्माचा राजा दुसऱ्या धर्माच्या विद्यादेवतेला वंदन करतो, याचे आश्चर्य त्या काळीही अनेकांना वाटले आणि काहींना ते रुचलेही नाही. प्रजेने मात्र त्याला ‘जगद्गुरू’ म्हटले. विजापूरचे मूळ नाव विजयपूर. इब्राहिम त्याला ‘विद्यापूर’ म्हणू लागला. विजयाच्या जागी विद्या ठेवणारा राजा इतिहासात विरळाच.

मराठी वाचकाला त्याच्याविषयी विशेष आपुलकी वाटावी असे आणखी एक कारण आहे. आदिलशाहीच्या महसुली कारभारात मराठी भाषा पूर्वीपासूनच रुजलेली होती. अकबराचा वकील असदबेग विजापूरला आला, तेव्हा त्याच्या ध्यानात आले की सुलतानाला फारसी समजते, परंतु बोलताना तो अडखळतो आणि बहुधा मराठीतच बोलतो. या भेटीत इब्राहिमने चौकशी केली ती तानसेनाची. अकबरासमोर तानसेन बसून गातो की उभा राहून, हे त्याला जाणून घ्यायचे होते. दरबारात उभे राहूनच गावे लागते, खासगी मैफलीत मात्र बसण्याची मुभा असते, असे उत्तर मिळाले. संगीत हे सर्वकाळ ऐकण्याची गोष्ट आहे आणि गायकाला संतुष्ट ठेवले पाहिजे, असे इब्राहिमचे मत पडले. कलावंताला कोणत्या आसनावर बसवावे, हा प्रश्न त्याला राजकारणाइतकाच महत्त्वाचा वाटत होता.

१५९९ मध्ये त्याने विजापूरच्या पश्चिमेस ‘नौरसपूर’ नावाच्या नव्या नगराची उभारणी आरंभली. संगीतावरून नाव घेतलेल्या या नगरात महाल आणि बाजारपेठा उभ्या राहू लागल्या, गायक-वादकांना आश्रय मिळाला आणि नौरसाचा उत्सव साजरा होऊ लागला. पण नगराचा तट पुरा होऊ शकला नाही.

दख्खनचे राजकारण सुरांसाठी थांबणारे नव्हते. उत्तरेकडून मोगल सरकत होते. त्यांच्याशी सलोखा राखण्यासाठी इब्राहिमला आपली मुलगी अकबराचा पुत्र दानियाल याला द्यावी लागली. १६१९ मध्ये त्याने बीदरचे राज्य जिंकले, पण निजामशाहीचा सूत्रधार मलिक अंबर याच्याशी त्याचे वैर वाढत गेले. १६२४ मध्ये अहमदनगरजवळील भातवडीच्या रणांगणावर अंबराने मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्रित फौजांचा पराभव केला. शहाजीराजे भोसले या लढाईत अंबराच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तेथेच धारातीर्थी पडले. विजयी अंबर विजापुरापर्यंत चालून आला आणि त्याने नौरसपूर लुटून उद्ध्वस्त केले. पाव शतक जोपासलेले स्वप्न इब्राहिमला आपल्या हयातीतच मातीला मिळालेले पाहावे लागले. १६२७ मध्ये त्याचे निधन झाले. ल्यूटचा थोर इंग्रज रचनाकार जॉन डाउलंड त्याच्या आदल्याच वर्षी वारला होता. एकमेकांचे नावही न ऐकलेले हे दोन समकालीन, पण तारेतून निघणाऱ्या सुरावर दोघांचीही सारखीच निष्ठा होती.

संगीताच्या नादात त्याने राज्याची तटबंदी दुर्लक्षिली काय, असा प्रश्न विचारला जातो. नौरसपूरचे भग्न अवशेष पाहता तो गैरलागूही नाही. मात्र ज्या सरदारांनी केवळ तलवारीवर भिस्त ठेवली, त्यांच्याही हवेल्या आज उभ्या नाहीत. इब्राहिमच्या मागे मलिक संदलच्या देखरेखीखाली बांधलेला नाजूक कोरीवकामाचा इब्राहिम रोजा राहिला, आणि राहिली ती हस्तलिखितांतून जपलेली गीते. डॉ. नजीर अहमद यांनी संपादित केलेला ‘किताब-ए-नौरस’ १९५६ मध्ये प्रकाशित झाला.

योगायोग असा की त्याच १९५६ मध्ये आपल्या छत्तीसगडातील खैरागढच्या राजघराण्याने आपला राजवाडा संगीतासाठी दिला आणि तेथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झाले. इब्राहिमने राजसत्तेच्या बळावर सुरांचे नगर वसवू पाहिले, ते सत्तेबरोबरच ढासळले. खैरागढला राजवाडा शाळा झाला आणि म्हणून तो टिकला, कारण तेथे दरवर्षी नवे विद्यार्थी येऊन तंबोरा जुळवतात. विद्या एका माणसाच्या हौसेवर किंवा वैभवावर उभी राहत नाही. एका पिढीने ती दुसरीच्या हाती सोपवावी लागते. साठ वर्षे हेच काम करणाऱ्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना विद्यापूरच्या या राजाची कहाणी परकी वाटू नये.