मॅकफर्सनचा खांब

गेल्या पावसाळ्यानंतर माझी छोटी मोटार डुलायला लागली. पैठण रस्त्यावर वळण आले की एका अंगाला कलायची आणि ब्रेक दाबला की तोंड बाजूला न्यायची. शहरातल्या एका गॅरेजने पुढचे दोन्ही शॉकअप बदलून दिले, बिलही भक्कम घेतले. डुलणे मात्र तसेच राहिले. नाथांच्या दर्शनाला निघालो, तर पत्नी दारावरची मूठ सोडायला तयार नाही. शेवटी चितेगावला रस्त्याकडेच्या एका गॅरेजसमोर गाडी उभी केली.

तिथल्या मेकॅनिकने पुढचा एक कोपरा जोराने खाली दाबला आणि सोडला. गाडी वर आली आणि तिथेच स्थिरावली. शॉकअप बाद असते तर ती दोन-तीनदा उसळली असती. म्हणजे दोष दुसरीकडे होता. मग तो खाली शिरला. दोन्ही चाकांना जोडणारा स्टॅबिलायझर बार ज्या रबरी बुशांत बसतो, ते चिरून ढिले पडले होते. बोलता बोलता त्याने मॅकफर्सन हे नाव घेतले, ते गल्लीतल्या एखाद्याचे घ्यावे तसे. बँकेत असताना वाहनकर्जाच्या कितीतरी फायली माझ्या हातून गेल्या, पण हा गृहस्थ कोण, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. घरी आल्यावर त्याची माहिती काढली.

अर्ल मॅकफर्सन अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला, जन्म १८९१ चा. इलिनॉय विद्यापीठातून १९१५ साली तो इंजिनिअर झाला आणि मोटारींच्या डेट्रॉइट शहरात नोकरीला लागला. पहिल्या महायुद्धात त्याने सैन्यासाठी विमानांच्या इंजिनांवर काम केले. नंतर दोन कंपन्यांत उमेदवारी करून १९३४ साली तो जनरल मोटर्समध्ये आला आणि वर्षभरात शेव्हरोले विभागाचा मुख्य डिझाइन इंजिनिअर झाला.

१९४५ साली युद्ध संपले आणि त्याच्यावर एक आवडीचे काम आले. सामान्य माणसासाठी छोटी, हलकी, हजार डॉलरच्या आत बसणारी मोटार बनवायची. तिचे नाव ठरले कॅडेट. स्वस्त गाडी म्हणजे कशीबशी गाडी, हे त्याला मान्य नव्हते. चारही चाकांना खड्डा आपापला सोसता आला पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. एरवी अशा रचनेत चाकाला वर-खाली दोन आर्म, वेगळी स्प्रिंग आणि वेगळा शॉकअप लागतो. मॅकफर्सनने स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात बसवले. खांबाचे वरचे टोक गाडीच्या सांगाड्याला, खालचे चाकाच्या हबला. वरचा आर्म गेला, भाग कमी झाले, जागा वाचली. याच्याशी मिळतीजुळती कल्पना फियाटच्या फोर्नाका यांनी १९२० च्या दशकात मांडली होती; पण ती कारखान्यात परवडेल अशी करून दाखवली ती मॅकफर्सनने.

कॅडेटचे नमुने तयार झाले, रस्त्यावर धावले. पण युद्धानंतर लोक मोठ्या गाड्यांसाठीच रांगा लावून होते, पोलादाची टंचाई होती आणि हजार डॉलरच्या गाडीत नफा दिसत नव्हता. १९४७ साली कंपनीने योजना गुंडाळली. असल्या कारणासाठी मीही काही प्रस्ताव परत पाठवले आहेत. कागदावर ते कारण चुकीचे नसते. समोरच्या माणसाची वर्षे मात्र त्या कागदावर कुठेच मांडलेली नसतात.

मॅकफर्सन त्याच वर्षी फोर्डकडे गेला. १९५० साली ब्रिटनमध्ये लोकांसमोर आलेल्या फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांना त्याचा खांब होता. १९५२ साली तो फोर्डच्या इंजिनिअरिंगचा प्रमुख झाला, १९५८ साली निवृत्त झाला आणि १९६० साली वारला. पुढे छोट्या गाड्यांचे दिवस आले. जनरल मोटर्सने १९७९ साली काढलेल्या शेव्हरोले सायटेशनला पुढे हाच खांब होता! आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० लाही तोच. मॅकफर्सनची गाडी बाजारात आलीच नाही. तिचा खांब मात्र आपल्या दारापर्यंत आला.

मॅकफर्सनची काटकसर एवढ्यावर थांबली नव्हती. वळणावर गाडीला कलू न देणाऱ्या बारलाच त्याने चाक मागे-पुढे सरकू न देण्याचे कामही दिले. बऱ्याच छोट्या गाड्यांनी ती रीत उचलली. त्यामुळेच माझ्या गाडीतला रबराचा एवढासा तुकडा झिजला आणि वळण व ब्रेक दोन्ही बिघडले. तेव्हा गाडी डुलली की लगेच शॉकअप विकत घेऊ नका. आधी टायरमधली हवा, बुश आणि खालच्या आर्मचा बॉल जॉइंट तपासून घ्या. शॉकअप खरेच गेले असतील तर जोडीने बदला आणि नंतर व्हील अलाइनमेंट करून घ्या. खांबातली स्प्रिंग मात्र घरी उघडू नका. ती दाबून बसवलेली असते आणि सुटली तर जिवावर बेतते.

चितेगावच्या मेकॅनिकने नवे बुश बसवले. बिल शॉकअपच्या मानाने किरकोळच झाले. पुढे पैठणपर्यंत पत्नीचे दोन्ही हात मांडीवरच्या फुलांच्या पुडीवर होते.