मोलोकाईपूर्वीचे फादर डेमियन

संत डेमियन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोलोकाई बेट आणि तेथील कुष्ठरोगी येतात. परंतु मोलोकाईला जाण्यापूर्वी नऊ वर्षे ते हवाई बेटांवरील खेडोपाडी फिरणारे एक साधे तरुण मिशनरी होते. त्या वर्षांत त्यांनी मोठे म्हणावे असे काही केले नाही. मात्र पुढे मोलोकाईवर जे घडले, त्याची तयारी याच काळात झाली.

त्यांचा जन्म ३ जानेवारी १८४० रोजी बेल्जियममधील ट्रेमेलो या गावी शेतकरी कुटुंबात झाला. बाप्तिस्म्याचे नाव जोसेफ. वडिलांची इच्छा मुलाने धान्याच्या व्यापारात पडावे अशी होती, पण थोरल्या भावाच्या पाठोपाठ १८५९ मध्ये जोसेफ येशू व मरिया यांच्या पवित्र हृदयांच्या संघात दाखल झाला आणि ब्रदर डेमियन झाला. लॅटिन येत नसल्यामुळे त्याला धर्मगुरू करण्याचा विचार सुरुवातीला नव्हता. लॅटिन त्याने भावाकडूनच शिकून घेतली.

१८६३ मध्ये हा भाऊ, फादर पॅम्फिल, हवाईला जाण्यास निघणार होता. ऐनवेळी तो टायफसने आजारी पडला. त्याच्या जागी मला पाठवा, अशी विनंती डेमियनने थेट पॅरिसला वरिष्ठांकडे पत्र लिहून केली आणि ती मान्य झाली. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून त्यांचे जहाज १९ मार्च १८६४ रोजी, म्हणजे संत जोसेफच्या सणाच्या दिवशी, होनोलुलूला पोहोचले. २१ मे रोजी तेथील कॅथेड्रलमध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. तेव्हा ते २४ वर्षांचे होते. आईवडिलांची भेट पुन्हा कधीच झाली नाही.

त्यांना हवाई या सर्वांत मोठ्या बेटावरील पुना भागात पाठवण्यात आले. पहिला धक्का स्वतःच्या नावाचाच होता. हवाईयन भाषेत ‘ड’ हा उच्चार नाही आणि प्रत्येक अक्षर स्वराने संपते. त्यामुळे लोकांनी डेमियनचे ‘कामियानो’ केले. मायबोली फ्लेमिश असलेल्या या तरुणाला प्रवचन, पापनिवेदन, धर्मशिक्षण हे सारे नव्या भाषेत करायचे होते. ती त्यांनी गावकऱ्यांमध्ये राहून आत्मसात केली. जवळच किलाउएआ हा ज्वालामुखी धगधगत होता. बेल्जियमच्या सपाट शेतांत वाढलेल्या माणसाला जमिनीतून वर येणारी आग पाहणे नवीनच होते.

दुसरे नवल जेवणाचे. तेथे पावाऐवजी पोई असे. आपल्याकडे जे अळू परसात होते, त्याच जातीचे कंद शिजवून दगडी बत्त्याने कुटायचे आणि पाणी घालून त्याची चिकट लापशी करायची, ती पोई. दोन-तीन दिवसांनी ती आंबूस लागते. गवताने शाकारलेल्या घरात चटईवर बसून एकाच भांड्यात सगळे बोटे घालून ती खात. आपल्याला हाताने जेवण्याचे नवल वाटणार नाही, पण काटेचमच्याच्या देशातून आलेल्याला ते शिकावे लागले. पाहुण्यापुढे घरात असेल नसेल ते सारे ठेवण्याची तेथील रीत होती. हे लोक सौम्य व प्रेमळ आहेत आणि धनसंचयाच्या मागे लागत नाहीत, असे त्यांनी घरी कळवले.

१८६५ मध्ये शेजारच्या भागातील फादर क्लेमेंट यांची प्रकृती बरी नसल्याने दोघांनी जागांची अदलाबदल केली. डेमियनकडे कोहाला-हामाकुआ हा कितीतरी मोठा प्रदेश आला. एक फेरी पूर्ण करण्यास सुमारे सहा आठवडे लागत. घोड्यावरून, पायी, कधी होडीतून ते गावोगाव जात. जिथे चर्च नाही तिथे चार काठ्या रोवून वर फळी ठेवली की वेदी तयार. मिस्सा, पापनिवेदने, बाप्तिस्मा, आजाऱ्यांची भेट आणि मग पुढचे गाव. रविवार ज्या गावी येईल तेथील मिस्सा. इतर गावांत लोकच एकत्र जमून प्रार्थना करीत. मधल्या दिवसांत ते हातात करवत घेऊन प्रार्थनामंदिरे बांधीत. दुसऱ्या धर्मगुरूची भेट क्वचितच होई आणि हा एकटेपणा त्यांना जड जाई. स्वभावाने ते हट्टी व तापटही होते. तरीही फेरी थांबली नाही.

याच काळात बेटांवर कुष्ठरोग पसरत होता. १८६५ मध्ये सरकारने कायदा केला आणि जानेवारी १८६६ पासून रोग्यांना घरातून उचलून मोलोकाईच्या एका टोकाला नेऊन सोडू लागले. समोर समुद्र, पाठीशी उंच कडा. डेमियनच्या ओळखीची माणसेही त्यात होती. म्हणूनच मे १८७३ मध्ये बिशप मेग्रे यांनी तेथे आळीपाळीने जाण्यासाठी धर्मगुरू मागितले, तेव्हा पुढे आलेल्या चौघांत डेमियन होते. १० मे रोजी ते पहिले म्हणून गेले आणि तेथेच राहिले. रात्री झोपायला घर नव्हते, म्हणून सुरुवातीला ते एका झाडाखाली झोपले.

रोग्यांना स्पर्श करू नये, असा त्यांना इशारा होता. पण कामियानोला लोकांसोबत राहण्याची एकच पद्धत ठाऊक होती. त्यांनी रोग्यांच्या जखमा बांधल्या, त्यांच्यासाठी घरे आणि शवपेट्या बनवल्या, त्यांच्याच भांड्यातून पोई खाल्ली. प्रवचनात ‘तुम्ही कुष्ठरोगी’ न म्हणता ते ‘आम्ही’ म्हणू लागले. डिसेंबर १८८४ मध्ये उकळत्या पाण्याने पाय भाजला आणि वेदना झाली नाही, तेव्हा तो शब्द शरीरानेही खरा झाला. १५ एप्रिल १८८९ रोजी, पवित्र सप्ताहातील सोमवारी, वयाच्या ४९ व्या वर्षी त्यांनी प्राण सोडला.

१९३६ मध्ये त्यांचे अवशेष बेल्जियमला नेण्यात आले. १९९५ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्य घोषित केल्यावर त्यांचा उजवा हात मोलोकाईला परत देण्यात आला. ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी त्यांना संतपद बहाल केले. त्यांचा सण १० मे रोजी असतो.

प्रिय धर्मबंधू-भगिनींनो, कुष्ठरोग आज औषधाने पूर्ण बरा होतो आणि ही औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. तरीही बऱ्या झालेल्या माणसाच्या घरी पाणी प्यायला आपला हात मागे येतो. अंथरुणाला खिळलेल्या शेजाऱ्याला आपण फळे पाठवतो, पण त्याच्याजवळ बसत नाही. कामाच्या शोधात दुरून आलेली कुटुंबे मिस्सेला आपल्याच बाकावर बसतात, पण त्यांच्या घरचा घास आपण कधी खाल्लेला नसतो. आपल्यापैकी फारच थोड्यांना मोलोकाईचे बोलावणे येईल. या घरांचा उंबरठा ओलांडणे मात्र प्रत्येकाला जमण्यासारखे आहे, आणि डेमियन यांची सुरुवातही तेथूनच झाली.

संत डेमियन, आम्हांसाठी विनंती कर.