रेव्ह. नारायण वामन टिळक आणि देवाचा दरबार



कडेगाव आज सांगली जिल्ह्यात असले, तरी १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा होईपर्यंत हा परिसर सातारा जिल्ह्यातच मोडत होता. त्या जुन्या जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी, सातारा शहरात, १९१७ साली पंचावन्न वर्षांचे एक ख्रिस्ती पाळक राहावयास आले. मिशनची एकवीस वर्षांची सेवा आणि तिच्यासोबत येणारे वेतन त्यांनी नुकतेच सोडले होते व संन्यास घेतला होता. ते होते रेव्हरंड नारायण वामन टिळक. फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. त्यांची भजने आपण मराठी ख्रिस्ती लोक, पंथ कोणताही असो, आजही गातो. परंतु साताऱ्यातील या अखेरच्या पर्वाकडे आपले लक्ष फारसे जात नाही, म्हणून त्याविषयी येथे लिहीत आहोत.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. आई लवकर गेली, वडिलांचा स्वभाव कडक. मुलगा घर सोडून नाशिकला गेला आणि तेथे संस्कृत शिकला. पुढे शिक्षकी, कीर्तने, काव्य, एका गावाहून दुसऱ्या गावी भटकणे असे सारे झाले. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील मुलीशी, म्हणजे पुढे लक्ष्मीबाई म्हणून प्रसिद्ध झालेल्या मनूशी, त्यांचे लग्न झाले. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन त्यांचे मन थांबले ते कायमचेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जात गेली, आप्तेष्ट दुरावले, पत्नीही साडेचार वर्षे दूर राहिली.

हा त्यांच्या जीवनातील पहिला त्याग, आणि तो सर्वांना ठाऊक आहे. दुसरा त्याग आम्हांस अधिक विचार करावयास लावतो, कारण तो ख्रिस्ती समाजाच्या आत घडला.

बाप्तिस्म्यानंतर टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत आले. तेथील ईश्वरविज्ञान विद्यालयात त्यांनी शिकविले, १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी केले. नगर जिल्ह्यात ते दिवस दुष्काळाचे होते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत उपाशी, अनाथ, घर तुटलेल्या माणसांना मिशनने आधार दिला. आपल्या येशूसंघीय धर्मगुरूंनीही त्याच जिल्ह्यात तेच केले. तो आधार खरा होता. त्याने जीव वाचले. स्वतः टिळकांच्या घरीही अनाथ मुले वाढली, आणि हाती आलेला पैसा घरात टिकेल अशी त्या घराची रीतच नव्हती.

पण आधाराची सवय होते. बाप्तिस्म्याने गावकी तुटलेल्या माणसाला मिशनच्या आवारात घर मिळे, शाळेत किंवा प्रचारकार्यात नोकरी मिळे, मुलांचे शिक्षण होई. त्याचबरोबर कोठे राहावे, कोणते काम करावे, उपासना कोणत्या पद्धतीने करावी, हे ठरविण्याचा हक्क हळूहळू वेतन देणाऱ्याकडे जाई. कोणी तो हिसकावून घेत नसे. ज्याचा होता तोच तो आपण होऊन सोपवून देई. मिसर देशातून सुटलेल्या इस्राएल लोकांना अरण्यात मांसाची भांडी आठवू लागली, ती गोष्ट आपण निर्गमाच्या पुस्तकात वाचतो. भुकेल्या माणसाला तसे वाटणे स्वाभाविक आहे. आपल्या खानापूर-कडेगाव भागातील ज्या कुटुंबांनी पाणी नाही म्हणून गलाईच्या धंद्यासाठी देशभर गावे सोडली, त्यांना पोटाची चिंता काय असते हे सांगावयास नको.

टिळकांना हे परावलंबन सलत होते. हिंदी ख्रिस्ती माणसाने स्वतःच्या पायांवर उभे राहावे, आपल्या भाषेत, आपल्या अभंग-कीर्तनांतून ख्रिस्ताला भजावे, हा त्यांचा जुना आग्रह. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते मानीत. त्याच तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, असे त्यांच्या चरित्रात येते. टिळकांनी १९१७ मध्ये केले ते याच जातीचे होते. मिशनशी भांडण करून ते निघाले नाहीत. मात्र मिशनचे सेवक म्हणूनही त्यांना मरावयाचे नव्हते.

साताऱ्यात त्यांनी देवाचा दरबार स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांचा तो बंधुसंघ होता. कडेगावच्या वाचकांना यात फार नवल वाटणार नाही. मोहरमचे गगनचुंबी ताबूत हिंदू-मुसलमानांनी मिळून उचलण्याची तेथील परंपरा दीडशेहून अधिक वर्षांची आहे. परंतु बाप्तिस्म्याविना शिष्यत्व ही कल्पना अनेक ख्रिस्ती जनांना खटकली. आमच्या ख्रिस्तसभेची शिकवणही त्याहून वेगळी आहे, आणि या बाबतीत टिळकांना पूर्ण संमती देता येत नाही, हे आम्ही मोकळेपणाने नमूद करतो. तथापि संन्याशाच्या रूपात ख्रिस्ताची सेवा करण्याची ओढ आपल्याही घरात होती. बंगालचे कॅथलिक संन्यासी ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी जबलपूरजवळ नर्मदेकाठी मठ काढण्याचा प्रयत्न केला; त्यांना वरिष्ठांची संमती मिळाली नाही आणि १९०७ साली ते निवर्तले. ख्रिस्ती आश्रम ही गोष्ट पुढे आपल्या ख्रिस्तसभेतही रुजली, पण त्याला बराच काळ जावा लागला.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे चरित्र पुरे होत नाही. टिळकांच्या मोकळेपणाची किंमत एकट्या टिळकांनी दिलेली नाही. १८९५ साली बाप्तिस्म्याचा निर्णय त्यांनी पत्नीला न विचारता घेतला आणि त्यानंतरची वर्षे लक्ष्मीबाईंनी आप्तांच्या आश्रयाने, लोकांची बोलणी ऐकत काढली. १९०० साली त्यांनी स्वतःच्या निश्चयाने बाप्तिस्मा घेतला. त्यात त्यांनी आपले स्वातंत्र्य राखले, हे विशेष. आता सतरा वर्षांनी घराचे वेतन पुन्हा थांबले. पती संन्यासी झाला तरी चूल पत्नीलाच पेटवावी लागते. संसार करणाऱ्या माणसाने वाऱ्यावर स्वार व्हावे काय, हा प्रश्न त्या काळी विचारणाऱ्यांना आम्ही अल्पविश्वासी म्हणणार नाही. संत पौलाने तंबू शिवून आपली भाकरी मिळविली व सुवार्तेसाठी कोणाचा मिंधेपणा पत्करला नाही. पण तो एकटा होता.

दरबाराला दोन वर्षेही पुरती लाभली नाहीत. टिळकांची प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे दरबार टिकला नाही. लक्ष्मीबाईंनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहावर देखरेखीचे काम पत्करून स्वतःची भाकरी स्वतः मिळविली आणि पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिली. टिळकांनी १९०९ साली आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ सालच्या 'ख्रिस्तपुराणा'नंतर मराठीत इतक्या विस्ताराने ख्रिस्तचरित्र ओवीबद्ध करण्याचा हा मोठा प्रयत्न. टिळकांच्या हातून त्याचे दहा-अकरा अध्यायच झाले. पुढचे सारे अध्याय, चौसष्ट, लक्ष्मीबाईंनी रचिले. १९३६ साली नाशिकला त्यांचे निधन झाले, तेव्हा शेवट तेवढा राहिला होता. तो पुत्र देवदत्त यांनी पूर्ण करून १९३८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला.