हवामानाची उपकरणे घडवणाऱ्या अण्णा मणी



पावसाळा आला की आपल्या सुरतेत घरोघरी दोनच प्रश्न असतात. पाऊस किती पडला आणि उकाईची पातळी किती झाली? ऑगस्ट २००६ मधील तापीचा महापूर ज्यांनी पाहिला, त्यांना या आकड्यांचे मोल सांगायला नको. हे आकडे देणारी उपकरणे आपल्या देशातच तयार व्हावीत, यासाठी झटलेल्या शास्त्रज्ञाची ओळख आम्ही आज करून देत आहोत. नाव अण्णा मणी. नावावरून कोणी आजोबा वाटतील, पण त्या महिला होत्या.

अण्णा मणी यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी केरळातील पीरमेड येथे झाला. आठव्या वाढदिवशी त्यांनी हिऱ्याच्या कुड्या नाकारल्या आणि विश्वकोश मागितला. पुढे बंगळूरला सर सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे व माणकांवर संशोधन केले. १९४५ मध्ये प्रबंध पूर्ण झाला, परंतु एम.एस्सी. नाही या कारणाने त्यांना पीएच.डी. मिळाली नाही. त्या खचल्या नाहीत. त्याच वर्षी त्या लंडनला गेल्या व हवामानाच्या उपकरणांचे शास्त्र शिकल्या.

१९४८ मध्ये त्या पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. त्या काळी साधी उपकरणेसुद्धा परदेशातून येत. पाऊस मोजणारे पर्जन्यमापक, हवेचा दाब मोजणारे वायुभारमापक, हवेतील ओलावा मोजणारे आर्द्रतामापक अशा सुमारे १०० उपकरणांचे प्रमाणित आराखडे त्यांनी तयार करवून घेतले. १९५३ पासून त्या विभागप्रमुख होत्या आणि त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करीत.

प्रमाणित आराखडा कशाला हवा? भुसावळचा पाऊस तापीतून उकाईत येतो. भुसावळचे आणि सुरतचे माप वेगवेगळे असेल, तर दोन्ही आकड्यांची तुलना कशी करणार? चुकीच्या मोजमापापेक्षा मोजमाप नसलेले बरे, असे त्या मानीत.

१९५७-५८ मध्ये त्यांनी देशभर सूर्यकिरणांची तीव्रता मोजणारी केंद्रे उभारली. १९७६ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी वाऱ्याच्या वेगाचीही मोजणी हाती घेतली. सौर आणि पवन ऊर्जेच्या कामाला या नोंदींचा मोठा आधार मिळाला. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले.

मुलांनो, एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा डबा गच्चीवर मोकळ्या जागी ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजा, वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. हवामान खातेही याच वेळी दिवसाचा पाऊस मोजते. एक दिवसही अंदाजाने आकडा लिहू नका. अण्णा मणींना हीच खरी आदरांजली ठरेल, असे आम्हांस वाटते.